गाडी आली

काकांना दहा वाजता हजरतगंजला पोचायचं असलं की ते साडेसातला खाली उतरतात. लखनौच्या आमच्या महानगर मोहल्ल्यातून हजरतगंज जेमतेम पाच किलोमीटर. पण आधी आंघोळ व्हायला हवी. काकांची पाचलाच झालेली असते, ही गाडीची. मग जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसून डिपस्टिकवर तेल बघायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, बॅटरीच्या टोकांवर जमलेल्या हिरवट खारावर गरम पाण्याची धार सोडायची. नंतर चपला बाहेर काढून आत बसायचं. चोक अर्धा ओढायचा, ॲक्सिलरेटरला अंगठ्याने दोन गुदगुल्या करायच्या आणि किल्ली फिरवण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे. पहिल्या फटक्यात सुरू झाली तर काका मान बाहेर काढून माझ्या गॅलरीकडे बघतात. नाही झाली तर बघत नाहीत. मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. सकाळी कुठल्या गोष्टी आपण पाहिलेल्या नसतात, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं.

गाडी म्हणजे १९६६ सालची फियाट अकराशे, डिलाइट. रंगाला काका ‘आयव्हरी’ म्हणतात, काकू ‘साय’ म्हणतात. ‘पद्मिनी’ मात्र म्हणायचं नाही. एकदा मी चुकून म्हणालो, तेव्हा काकांनी हातातला चहा खाली ठेवला. “पद्मिनी १९७४ नंतर. फियाटचं नाव उतरल्यावर ठेवलेलं नाव ते. हिच्या नाकावर बघ, काय लिहिलंय?” मी बघितलं. एफ होता, आय होता, टी होता. ए कुठेतरी कानपूर रोडवर पडला होता.

असे एक काका मराठी माणसांच्या प्रत्येक गावात असतात. लखनौचे आपल्या वाट्याला आले इतकंच. खिशात पेनाशेजारी पॉलिश पेपरची घडी असते. दुसऱ्याच्या नव्या कोऱ्या गाडीत बसले की ते बोलत नाहीत, कान देऊन इंजिन ऐकतात आणि उतरताना मालकाला म्हणतात, “छान आहे. फ्रिज आहे अगदी.” आणि त्यांची गाडी विकायची नसते. ती विकायची नाही हे सांगण्याची संधी मिळावी म्हणूनच ती बाहेर काढायची असते. हजरतगंजात गाडी उभी केली की वायपरखाली चिठ्ठी अडकवून कुणीतरी गेलेलं असतं: ‘बेचना हो तो फ़ोन करें.’ काका प्रत्येक चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवतात. महिनाभर एकही चिठ्ठी आली नाही, तर पुढच्या वेळी गाडी जरा दर्शनी जागी लागते.

त्यांच्या बोलण्याची आणखी एक तऱ्हा आहे. वाक्याचा कर्ता नेहमी गाडी. गाडी म्हणाली आज नको. गाडीला अमीनाबाद आवडत नाही. गाडीने कानपूरला न विचारता डावं वळण घेतलं. मला सुरुवातीला हे म्हातारपणाचं लाडीक बोलणं वाटायचं. त्यात व्याकरणाची केवढी सोय आहे, ते फार उशिरा कळलं.

काका वाढले कुर्ल्यात, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या भोंग्यावर. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये कंपनी काढली. आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या, १९५१ मध्ये तुरीनच्या फियाटशी करार केला, आणि १९५४ पासून कुर्ल्याच्या फाटकातून ती गोल पाठीची, फुगीर नाकाची अकराशे बाहेर पडू लागली. इटलीत तिचं नाव मिल्लेचेंतो, म्हणजे सरळ अकराशेच. मुंबईने तिचं तोंड पाहिलं आणि नाव ठेवलं ‘डुक्कर फियाट’. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागऱ्या मधल्या खांबाला. चाळीतली पोरं फाटकासमोर बसून गाड्या मोजायची. काका म्हणतात, पाढे तिथेच पाठ झाले.

आता त्यांचा आवडता विषय. कुणी बोलता बोलता “घरगुती गाडी आहे हो छान” असं म्हणालं, की पुढची वीस मिनिटं गेली. “घरगुती? अरे, लढाई संपलेली. इटली भुकेकंगाल. माणसाला एकच गाडी परवडणार, तीही हप्त्यांनी. त्यात बायको, तीन पोरं, सासू आणि टपावर गादी. पण माणूस इटालियन! त्याला रविवारी सासू न्यायची आणि शनिवारी शर्यत लावायची, दोन्ही एकाच गाडीत. हे दान्ते जाकोझाला कळलं होतं.” हा जाकोझा फियाटचा थोर इंजिनियर, युद्धाआधीची चिमुकली तोपोलिनो त्याची, १९५७ ची ‘नवी पाचशे’ त्याची आणि ही अकराशेही त्याचीच. १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली. वेगळ्या चासीचं ओझं नाही, सगळा सांगाडा एकसंध पत्र्याचा, इंजिन १०८९ सीसीचं आणि ताकद ३६ घोड्यांची. वर्ष संपायच्या आत तिची चढी आवृत्ती निघाली, ‘तुरिस्मो वेलोचे’. जाळीच्या मधोमध तिसरा दिवा आणि घोडे जवळपास पन्नास. ती मिल्ले मिल्या शर्यतीत धावली. सार्वजनिक रस्त्यांवरची हजार मैलांची शर्यत; बघायला लोक अगदी रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. १९५७ च्या भीषण अपघातानंतर ती बंद पडली. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट अकराशे वर्षानुवर्षं शर्यतीत पळत होत्या.

“आणि तुरीनला लिंगोत्तोचा कारखाना,” काका आवाज खाली आणतात, “पाच मजली. गच्चीवर धावपट्टी! १९२३ पासून. गाडी जोडत जोडत वर न्यायची आणि गच्चीवर पळवून बघायची.”

“आणि पापड कुठं वाळवायचे?” काकू विचारतात. गेली चाळीस वर्षं त्या हाच प्रश्न विचारत आहेत, आणि काका गेली चाळीस वर्षं तो ऐकूच येत नाही असं दाखवतात.

हे सगळं सांगणारा माणूस ताशी पस्तीसच्या वर काटा जाऊ देत नाही. फियाटच्या धमनीत शर्यतीचं रक्त असेल, पण चालकाच्या अंगी लखनौची ‘पहले आप’ मुरलेली. निशातगंजच्या चौकात सिग्नल हिरवा झाला की आधी सायकली जातात, मग ई-रिक्षा, मग दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल. मग काका आरशात बघतात, मागे वळून बघतात आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर अशा हळुवारपणे वर घेतात, की सिग्नलला वाटावं आपण उगाच घाई केली. तोवर तो लाल झालेला असतो. मागून हॉर्नचा जो गजर होतो त्याला काका खिडकीतून हात हलवून नमस्कार करतात. त्यांच्या मते ते गाडीचे चाहते असतात.

योगायोग म्हणजे त्यांना मागे टाकण्यात सगळ्यात पटाईत वाहन ‘विक्रम’ टेम्पो. आणि विक्रम काकांच्याच कारखान्याचा. काका लखनौला आले ते १९७४ मध्ये, कानपूर रोडवर सरोजिनीनगरला स्कूटर्स इंडिया उभी राहत होती म्हणून. मिलानच्या इनोचेंती कंपनीने लांब्रेटा स्कूटरचं दुकान आवरलं आणि आपल्या सरकारने ती सगळी यंत्रसामग्री नावासकट विकत घेऊन १९७२ मध्ये इथे कंपनी काढली. मिलानची लांब्रेटा गोमतीकाठी ‘विजय सुपर’ झाली. लांब्रेटाचं नाव लांब्रो नदीवरून पडलं, हे सांगताना काका गोमतीकडे अशा नजरेने बघतात, जणू दोघी सख्ख्या जावा. त्या दिवसांत त्यांनी हजरतगंजातून इटालियन शब्दकोश आणला. आज त्यातले चौदा शब्द त्यांना येतात. पैकी ‘पियानो, पियानो’, म्हणजे हळूहळू, हा रोजच्या वापरातला. पुढे बजाजच्या लाटेत विजय सुपर बुडाली, १९९७ मध्ये स्कूटर बंद झाली, तीनचाकी विक्रम तेवढा राहिला. २०२१ मध्ये सरकारने कारखानाच बंद करायचं ठरवलं. आता भर चौकात धूर ओकत विक्रम डावीकडून घुसतो आणि काकांच्या आरशाला चाटून पुढे जातो, तेव्हा ते एवढंच म्हणतात, “जाऊ दे. आपलंच पोर आहे.”

वैर आहे ते अँबेसेडरशी. लखनौ राजधानीचं गाव. विधानभवनासमोर एके काळी पांढऱ्या अँबेसेडरांची रांग मुंग्यांसारखी हलायची. सचिव, मंत्री, मंत्र्यांचे मेहुणे. लोकांना वाटायचं, दिवा नसला तरी मोठी गाडी म्हणजे साहेबाची. काकांची फियाट सिव्हिल लाइन्समध्ये शिरली की दारवान विचारायचा, “डॉक्टर साहब आए हैं क्या?” फियाटला डॉक्टर नाहीतर वकील एवढीच पत. काकांना हा अपमान अजून विसरता येत नाही. “अँबेसेडर म्हणजे फाइल. बसली की उठत नाही.” अँबेसेडर २०१४ मध्ये बंद झाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले नाहीत, पण त्या दिवशी गाडीला मेण दुप्पट लावलं.

काकू नेहमी मागे बसतात. पुढची सीट रिकामी असली तरी मागेच. मी एकदा कारण विचारलं. “पुढं बसलं की पाय आपोआप हलतो रे,” त्या म्हणाल्या. मी समजलो, बिचाऱ्या घाबरतात. मांडीवर कापडी पिशवी असते. तीत विणकाम, पाण्याची बाटली, दहा-अकराचा पान्हा आणि दोन जुने पंचे. मी समजलो, काकांनी ठेवायला लावलं असेल. माणूस समजायला लागला की किती समजतो!

जूनमधली गोष्ट. हनुमान सेतूवर, दुपारी बारा वाजता, मंगळवारी. लखनौकरांना सांगायला नको की मंगळवारी त्या पुलाच्या टोकाला हनुमानाच्या देवळाची केवढी गर्दी असते आणि ज्येष्ठातल्या मंगळवारी तर चौकाचौकांत सरबत वाटतात. गाडीने दोन उचक्या दिल्या आणि थांबली. काका म्हणाले, “गाडी विचार करतेय.” मी खाली उतरलो. बॉनेटखाली जो धगाटा होता त्यात पोळ्या भाजल्या असत्या. बघ्यांपैकी एकाने प्लग सांगितले, दुसऱ्याने बॅटरी, तिसऱ्याने गाडी विकायची आहे का असं विचारलं. काका प्लॅटिनम घासायला पॉलिश पेपर काढत होते. मागच्या खिडकीतून एक ओला, पिळलेला पंचा बाहेर आला.

“पंपावर ठेव. पाइपावर नको,” काकू मला म्हणाल्या, वीण मोजता मोजता. “पेट्रोलची वाफ झालीय. पंपाला वाफ ओढता येत नाही.”

पंचा ठेवला. फुस्स झालं. काकूंनी बाटलीतून थोडं थोडं पाणी वर सोडायला लावलं, पाच मिनिटांनी दुसरा पंचा दिला. तोवर कुणीतरी आम्हा तिघांना गुलाबाचं सरबत आणून दिलं आणि चौथा पेला बॉनेटवर ठेवला. “इनके लिए,” तो म्हणाला. काका गहिवरले. किल्ली फिरवताच इंजिन लागलं. मी काकूंकडे वळून बघितलं, तर त्या उलट टाका घालत होत्या.

इथल्या लालबागच्या गॅरेजातले बुजुर्ग उस्ताद या गाडीशी आदरार्थी बोलतात. “जनाब, इनका मिज़ाज गरम है, दिल साफ़ है.” बिल मात्र काकांना देतात आणि सुटा भाग काय हवा ते काकूंना विचारतात. मला त्यात अदब दिसली. लखनौ आहे, बाईमाणसाला आधी विचारणारच.

आता त्या प्रवासाविषयी. ही गाडी काकांनी १९७८ मध्ये मुंबईत जुनी विकत घेतली आणि रस्त्याने लखनौला आणली. ठाणे, नाशिक, धुळे, इंदूर, गुना, शिवपुरी, झाशी, काळपी, कानपूर. चौदाएकशे किलोमीटर. ही कथा मी २०१६ मध्ये पहिल्यांदा ऐकली, तेव्हा प्रवासाला तीन दिवस लागले होते. २०१९ च्या गणपतीत अडीच. टाळेबंदीत गाडी सहा महिने जागची हलली नाही, त्या काळात प्रवास दोन दिवसांवर आला. गेल्या दिवाळीला मी छत्तीस तास असा आकडा ऐकला. आणखी दहा वर्षं काकांना आयुष्य लाभलं तर विमानाने जाणारे पश्चात्ताप करतील. पण या साऱ्या आवृत्त्यांत एक वाक्य कधी बदललं नाही. “शिवपुरी ते झाशी. शंभर किलोमीटर. दीड तासात गाडी आली!” इथे काका टेबलावर हात आपटतात. “तुरिस्मो वेलोचे!” मी मनात सगळ्याच आकड्यांना सरसकट कात्री लावायचो, त्यातच यालाही लागायची. पस्तीसच्या वर न जाणारा माणूस, आणि म्हणे दीड तासात.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. बातम्यांत तिला हार घातले होते. काका म्हणाले, “पद्मिनी का असेना, भाचीच आपली,” आणि जेवताना गोड खाल्लं नाही. काकू काही बोलल्या नाहीत. काळी-पिवळी पडद्यावर दुसऱ्यांदा वळताना दिसली तशी त्यांनी उठून टीव्ही बंद केला. त्यांचे वडील गिरगावात टॅक्सी चालवायचे, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढचं विचारायचं मला सुचलं नाही.

मग यंदा गाडीच्या कागदांची मुदत आली. मी काकांना म्हटलं, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून ‘विंटेज’ म्हणून नोंदता येतं. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, वीस हजार रुपये भरायचे. काका फुलले. आम्ही संगणकासमोर बसलो. पहिली अट: गाडी मूळ स्वरूपात हवी. काका विचारात पडले. हेडलाइट लालबागचे, सीटचे कव्हर अमीनाबादचे, कार्ब्युरेटर कानपूरच्या भंगारातला. “हॉर्न मूळचा आहे,” ते म्हणाले. दुसरी अट: प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती वगैरे सोडून रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही.

“म्हणजे भाजी?”

“नाही.”

“हजरतगंज?”

“प्रदर्शन म्हटलं तर चालेल बहुतेक,” मी म्हणालो, डब्यातल्या चिठ्ठ्या आठवून.

“गाडीला हे पटणार नाही,” काका म्हणाले आणि विंटेजचा विषय तिथे संपला. साधी फेरनोंदणीच करायची ठरली. जुनी खरेदीची पावती हवी होती, ती शोधायला काकूंनी कपाटातून एक लांबोडी हिशेबाची वही काढली. पावती त्यातच घडी घालून ठेवलेली. ज्या पानावर होती ते पान १९७८ चं, काकूंच्या बारीक तिरक्या अक्षरातलं. धुळे, पेट्रोल. इंदूर, दोन रात्री, खोली आणि पंक्चर. गुना, फॅनबेल्ट. मी दिवस मोजले. सहा भरले. मी काकांकडे बघितलं नाही. सकाळच्या गॅलरीची सवय. पण बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.

‘शिवपुरी सु. ६.१०. ह्यांना ताप १०२, मागे झोपवले. रस्ता मोकळा. झाशी ७.४०.’

मी ती ओळ दोनदा वाचली. मग पान्हा, पंचे, उस्ताद आणि तो आपोआप हलणारा पाय असे सगळे एकापाठोपाठ एक येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“काकू, तुम्ही?”

“बाबांच्या टॅक्सीवर शिकले होते. पहाटे, गिऱ्हाईक नसायचं तेव्हा, चौपाटीच्या रस्त्यावर,” काकू म्हणाल्या. “इथं आल्यावर म्हटलं, एका घरात एका गाडीला दोन ड्रायव्हर नकोत. ह्यांना एवढी हौस.”

काका चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसला. “मी चालवली, असं मी कधी म्हटलंय?” ते शेवटी म्हणाले. “आठव. मी म्हणतो, गाडी आली.”

मी आठवून बघितलं. खरंच, कधीच म्हटलं नव्हतं.

“आली होती खरी,” काकूंनी पावती माझ्या हातात दिली आणि वही मिटली. “कानपूरलाच जाऊन थांबली असती. पण झाशी स्टेशन दिसलं आणि हे मागून उठून म्हणाले, चहा घेऊया.”